पहिल्या नावाला कौल

‘या नावाचं पॅकेज सापडलं नाही.’

पडद्यावर एवढी एक ओळ आली. ओळ इंग्रजीत होती, पण एवढं इंग्रजी मला येतं. तिच्याखाली मशीनने स्वतःहूनच विचारलं होतं: अशाच कामाची ही तीन आहेत, यातलं चालेल का? पहिलं बसवू? हो असेल तर y दाबा, नसेल तर n.

घ्या! यंत्र मला विचारतंय. आणि मी कोण, तर रामचंद्र, वय त्रेपन्न, खाणीवरचा काटेवाला. डिचोलीजवळच्या त्या खाणीवर बावीस वर्षं मी मातीचे ट्रक वजनकाट्यावर चढवले नि उतरवले. खाण बंद पडली, काटा गंजला, तेव्हा कंपनीने मला उचलून पंपघरात या कॉम्प्युटरसमोर आणून बसवलं. बंद खाणीचा खड्डा पावसात तळ्यासारखा भरतो. कडेला मातीचा बांध आणि बांधाच्या खाली खालचा वाडा, एकतीस घरं. खड्ड्यातलं पाणी लाल खुणेवर गेलं की कॉम्प्युटरने वाड्यातल्या खांबावरचा भोंगा वाजवायचा, आणि भोंगा ऐकून लोकांनी वरच्या शाळेत जायचं, अशी सगळी व्यवस्था. कॉम्प्युटर आणि भोंगा यांच्यामध्ये रेडिओची एक पेटी आहे. त्या पेटीशी बोलणारा जो प्रोग्राम, तो बांधून मिळतो, म्हणून त्याला पॅकेज म्हणायचं. जुना कॉम्प्युटर वीज पडून जळला. नव्यात सगळं परत बसवायचं होतं, आणि बाकीचं सगळं मिळालं, हे एकच मिळेना.

पणजीच्या ऑफिसातून साईशबाब या सगळ्यावर लक्ष ठेवतात. त्यांनी माझ्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं, ‘काही अडलं तर फोटो काढून मला पाठवा. आपल्या मनाने काही दाबू नका.’ मग मी फोटो का नाही पाठवला? सांगतो. आठच दिवसांपूर्वी ते मॅनेजरसोबत पंपघरात आले होते आणि माझ्यासमोरच म्हणाले होते, "रामचंद्रकाका प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला फोन करतात, सर. इथे शिकलेला माणूस बसवायला हवा." मॅनेजरने नुसती मान हलवली. त्या मान हलवण्याने माझं अन्न तुटलं. त्रेपन्नाव्या वर्षी खाणीच्या काटेवाल्याला दारात तरी कोण उभं करणार?

तेव्हा फोन नाही. पण तिन्हींतलं कुठलं, हे कुणाला तरी विचारायलाच हवं होतं. आमच्याकडे विहीर कुठे खणायची इथपासून मुलीचं स्थळ बघायचं की नाही इथपर्यंत सगळं गावच्या सातेरी देवीला विचारतात. देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजव्या अंगाची पडली तर हो, डाव्या अंगाची पडली तर नको. मी पडदा तसाच उघडा ठेवला, पंपघराला कुलूप घातलं आणि भर साडेअकराला स्कूटर देवळाकडे काढली.

"काय रे? आज कामाच्या वेळार?" महादेव गुरव समया पुसत होता.

"कौल लावचो हा."

"विचारणा काय?"

आता आली का पंचाईत! पॅकेज, रेडिओ, पेटी, हे देवीला कुठल्या तोंडाने सांगू? शिवाय महादेवच्या पोटात काही राहत नाही. एकदा का भोंग्याचं नाव निघालं असतं, तर संध्याकाळच्या आत वाडा पंपघरावर आला असता.

"कामात तीन वाटा आसत," मी म्हणालो. "पयल्या वाटेन गेलंय तर माजी नोकरी ऱ्हवात मां? इतक्याच विचार."

महादेवने पाकळ्या लावल्या, हात जोडले. "गे माये, तुजा लेकरू पायाकडे इला हा. पयल्या वाटेन त्याची नोकरी सुखरूप ऱ्हवतली आसात, तर उजवो दी." मी डोळे मिटायला हवे होते, मी पाकळ्यांकडे टक लावून बघत होतो. पंधरा मिनिटं झाली असतील. उजव्या खांद्यावरची पाकळी सरकली आणि खाली पडली.

"उजवो!" महादेव खूश झाला. "जा आता, भिया नको."

मी परत आलो आणि y दाबलं. ओळी भराभर वर सरकल्या आणि शेवटी ‘बसवलं’ असं आलं. मी पेटीची हालहवाल विचारली. हिरव्या अक्षरांत उत्तर आलं, ‘तयार.’

इथे थांबायला हवं होतं माझं मन. पण नाही. जुन्या कॉम्प्युटरला हाच प्रश्न विचारला की तो चार-पाच सेकंद घ्यायचा आणि पेटीवरचा लाल दिवा दोनदा लुकलुकायचा. हा क्षणात उत्तर देत होता, आणि दिवा काही लुकलुकला नाही. मी पुन्हा विचारलं. ‘तयार.’ दिवा ढिम्म. नवीन मशीन आहे, चलाख असेल, दिव्याची गरजच उरली नसेल, असं मी स्वतःला समजावलं. समजावलं, तरी तिसऱ्यांदा विचारलंच.

भोंगा एकदा वाजवून बघायचा, संपली कटकट, असं कुणीही म्हणेल. ते जमणार नव्हतं. गेल्या वर्षी असाच तपासणीसाठी वाजवला तर वाडा पोराबाळांसकट धावत सुटला, एक म्हातारी पडून तिचं माकड हाड मोडलं आणि लोक मॅनेजरच्या गाडीसमोर आडवे झाले. तेव्हापासून वरून लेखी परवानगी असल्याशिवाय भोंग्याला हात लावायचा नाही. आणि परवानगी मागायची तर कारण सांगायला हवं.

मग सुरू झाले ते दिवस. ऑगस्टचा पाऊस आमच्याकडे कसा पडतो ते डिचोलीत राहणाऱ्याला सांगायला नको. आभाळ भरलं की मी पडद्यासमोरून हलायचो नाही. पाण्याची खूण बघायची, दिवा बघायचा, परत खूण. पाऊस वाढला की पंपाचं काहीतरी निमित्त काढून मी स्कूटरवरून खालच्या वाड्यात जाऊन बसायचो. म्हटलं, भोंगा नाही तर नाही, मी तरी तिथे असेन.

जायचो ते सखारामदादांकडे. त्यांचं घर वाड्याच्या शेवटाला, पुढे लगेच मळा. दादा मूळचे दोडामार्गकडचे, तीस वर्षांपूर्वी खाणीवर ट्रक चालवायला आले आणि इथलेच झाले. त्यांचा ट्रक मी हजारदा तोलला असेन. शांतावहिनी मला बघितलं की आत जाऊन चहा टाकायच्या, सोबत सकाळचा उंडा, म्हणजे पाव, मधोमध फाडून तव्यावर भाजून आणायच्या.

"भावजी, पावसाचे बरे येतास तुमी," त्या एकदा हसून म्हणाल्या. "पूर्वी वरसाक एकदा दिसायचास."

"चतुर्थी आली मां जवळ," मी काहीतरी बोललो.

"चतुर्थेक अजून म्हयनो आसा!" दादा हसले. "खरा सांग, घरात भांडाण जाला?"

मी हसलो. उंडा चहात बुडवत राहिलो. समोर बसलेल्या या दोन माणसांना वाटतंय की खांबावरचा भोंगा आपली राखण करतो, आणि त्यांचा चहा पिणाऱ्या मला ठाऊक आहे की कदाचित करत नाही. कदाचित! नक्की माहीत असतं तर बोललो असतो, असं मी स्वतःला सांगायचो. तेही खरं नव्हतं.

घरी बायकोने, पद्मावतीने ओळखलंच. "पानार बसतास आणि भात चिवडीत ऱ्हवतास. काय जाला ता सांगा मां."

"काय नाय."

"साईशबाबाक फोन लावून कापलात तुमी. माज्यासमोर लावलात."

लावला होता. चार वेळा लावला होता. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर एक चूक होती. आता आठव्या दिवशी सांगायचं म्हणजे चूक केली, ती लपवली आणि लपवून आठ दिवस पगार खाल्ला. सांगणं रोज आदल्या दिवसापेक्षा जड होत होतं. मी तिच्यावरच खेकसलो, माझ्या फोनात डोकं घालू नकोस म्हणून. ती उठून ताटं उचलायला लागली.

अकराव्या दिवशी, गुरुवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी पाणी लाल खुणेला लागलं. मी बघत होतो. पडद्यावर ओळ आली, ‘इशारा पाठवला.’ हिरवी, स्वच्छ ओळ. मी दार उघडून बाहेर आलो, पावसात उभा राहिलो, कान दिले. वाड्याकडून नुसता पाऊस ऐकू येत होता. आत धावलो, हाताने पाठवला. ‘इशारा पाठवला.’ परत. ‘इशारा पाठवला.’ दिवा मेलेलाच. देवा, वाजव रे एकदा, म्हणून मी त्या पेटीला हात जोडले.

स्कूटर उतारावर कशी घातली ते मला आठवत नाही. पहिल्या घरापासून दारं ठोकत सुटलो. "भायर सरा! साहेबाचो फोन इलो! बांधाक धोको आसा, शाळेत चला!" साहेबाचा कसला फोन! पण खोटं बोललो आणि ते चाललं. बायकांनी पोरं उचलली, कुणी म्हाताऱ्याला पाठीवर घेतलं, रांग चढावाला लागली. तीस घरं रिकामी व्हायला वीस मिनिटंसुद्धा लागली नसतील. उरलं एक.

सखारामदादा जनेलाजवळ खुर्ची टाकून खिडकीबाहेरचा पाऊस बघत चहा पीत होते.

"दादा, ऊठ. साहेबाचो फोन इलो, भायर सर."

"फोन इलो? मगे भोंगो खंय वाजलो?"

"वाजतलो. तू चल आदी."

"अरे बस मेल्या!" ते हसायला लागले. "धा दिस बघतंय, पाऊस पडलो की धावत येतस. तुजो जीव पयल्यापासून इतकोसो. काट्यार गाडी वायच जड दिसली तरी तुका घाम सुटायचो. भोंगो वाजूंदे, मी येतंय."

"करंट नाय आसात खांबार."

"लाईट जळता बघ मां. डोळे फुटले?"

खांबावर खरंच दिवा जळत होता. मी म्हणालो, वायर तुटली असेल. ते म्हणाले, सकाळीच खांबाखालून आलो, वायर धड आहे. मी म्हणालो, लोक गेले सगळे, तू कशाला मागे राहतोस? ते म्हणाले, लोक तुझ्यासारखेच भित्रे. मी त्यांचा हात धरून ओढला, त्यांनी सोडवून घेतला. "त्या मशीनीक तुज्यापरास जास्त कळता रे," ते शांतपणे म्हणाले. "इतक्या शिकलेल्या मानसांनी बसयल्यानी."

त्यांना उठवायला एकच वाक्य पुरलं असतं. ते माझ्या जिभेवर होतं आणि मी ते बोलत नव्हतो. लिहायला लाज वाटते, पण खरं ते लिहितो. त्या दहा मिनिटांत मला पाण्याची भीती कमी आणि साईशबाबांची भीती जास्त वाटत होती. मॅनेजरची ती हललेली मान मला दिसत होती. हे बोललो की वाड्यात होईल, वाड्यातून ऑफिसात जाईल, संपलं माझं.

बांधाकडून दगड घरंगळल्याचा आवाज आला.

"दादा, भोंगो वाजूचो नाय," मी ओरडलो. "मीच बिघडयलंय. अकरा दिस बंद आसा. कोणाक सांगूक नाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कप खाली ठेवला. राग नाही, शिवी नाही, काही नाही. नुसतं म्हणाले, "शांता मळ्यात गेली हा. तवशी काडूक."

आणि धावले. मी त्यांच्या मागे. मळ्याच्या कडेला मेरेवर पोचलो तेव्हा वहिनी आम्हाला दिसल्या, लांब, काकडीच्या वेलांच्या मांडवापाशी, डोक्यावर निळं प्लास्टिक घेतलेल्या. दादांनी हाक मारली. पावसात वहिनींना ती ऐकू गेली की नाही कोण जाणे, पण त्या वळल्या. तेवढ्यात बांध सुटला. खाणीचं ते लाल पाणी, त्यात चिखल, त्यात दगड, मळ्यात शिरलं आणि मांडव, वेल, मेर सगळं एकच झालं. मी दादांना कमरेला मिठी मारून मागे खेचलं. ते माझ्या हातात धडपडत होते. मग धडपडायचे थांबले.

वहिनी दुसऱ्या दिवशी सकाळी सापडल्या, ओहोळाच्या पुलाखाली.

तिसऱ्या दिवशी साईशबाब आले. कॉम्प्युटरसमोर बसले, मी बसवलेलं पॅकेज उघडून वाचलं, आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. "काका, हे सरावाचं पॅकेज आहे. पेटी नसताना प्रोग्राम तपासायला वापरतात. सगळे हुकूम तेच, म्हणून मशीनने सुचवलं. हे पाठवत काहीच नाही. पाठवलं असं फक्त दाखवतं." मग त्यांनी पडदा बंद केला. उठताना दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "नोंदीत ‘इशारा पाठवला’ असंच आहे. सर म्हणतायत भोंग्यातच पाणी गेलं असणार. भोंगा तर वाहूनच गेला. आपण दोघांनी वेगळं काही बोलायची गरज नाही." पॅकेज बरोबर बसलंय की नाही हे त्यांनी पणजीहून एकदा तपासायचं होतं, ते त्यांनी तपासलं नव्हतं. म्हणजे तेही माझ्यासारखेच.

माझी नोकरी राहिली. देवीने शब्द पाळला, तिला कशाला दोष देऊ? मी नोकरीचं विचारलं होतं. एकतीस घरांचं मी विचारलंच नव्हतं.

आणि वाडा तर माझ्या पाया पडायला निघाला! तीस घरं रामचंद्राने वाचवली म्हणून. बायका रस्त्यात थांबवून माझे हात हातात घ्यायच्या. मला ते हात सोडवून पळून जावंसं वाटायचं. वाड्यात खरं काय ते एकाच माणसाला माहीत होतं. बाराव्याला मी गेलो, सखारामदादांच्या समोर बसलो. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्यांचे भाऊबंद म्हणाले, रामचंद्रबाब नसते तर तूही गेला असतास. दादा गप्प. ते आत्ता बोलतील, या क्षणाला बोलतील, म्हणून मी जेवणभर घास हातात धरून बसलो होतो.

चौकशी डिचोलीला, तालुक्याच्या कचेरीत लागली. व्हरांड्यात बाक, बाकावर मी आणि दादा, मध्ये त्यांची कापडी पिशवी. आधी त्यांना आत बोलावलं. दाराचा पडदा हलला की मी बाकावरून अर्धा उठायचो. आत काय सांगत असतील? किती सांगितलं असेल? अर्ध्या तासाने ते बाहेर आले.

"दादा," मी उठून उभा राहिलो. "काय सांगितलास?"

"शांता खंय होती, ता सांगितलंय," ते म्हणाले. "तुजा मी काय सांगूक नाय. तुजा तू सांग."

आत भाग्यलक्ष्मी नावाच्या बाई अधिकारी होत्या. चांगल्या बाई. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि टाइप केलेला कागद वाचून दाखवला. यंत्राने वेळेवर इशारा पाठवला, भोंगा नादुरुस्त असल्याने वाजला नाही, कर्मचाऱ्याने प्रसंगावधान राखून लोकांना हलवलं. "बरोबर आहे ना? इथे सही करा. तुमचा सत्कार करायला हवा खरं तर."

मी पेन घेतलं. टोक कागदाला टेकवलं. सही केली की घरी जायचं, पद्मावतीने केलेलं माशांचं हुमण-भात जेवायचं, उद्या पंपघरात जायचं. आणि पाऊस आला की काय करायचं? कुणाकडे जाऊन बसायचं?

"बाई, हे असं नाही," मी म्हणालो. "यंत्राला हवं ते पॅकेज सापडलं नव्हतं. त्याने तीन नावं सुचवली. मी पहिल्याला हो म्हटलं आणि कुणाला सांगितलं नाही."

त्यांनी चष्मा काढला. "यंत्रानेच सुचवलं म्हणता. मग चूक यंत्राची ना?"

"त्याने विचारलं होतं, बाई. नाही म्हणायची सोय ठेवली होती." मी पेन टेबलावर ठेवलं. "आणि पुढचंही लिहा. सखारामदादांच्या दारात मी दहा मिनिटं खोटं बोललो. खरं बोललो असतो तर वहिनींना हाक मारायला वेळ होता."

बाईंनी चष्मा परत लावला. मग त्यांनी तो टाइप केलेला कागद बाजूला सारला आणि कोरा पुढे ओढला. "सावकाश सांगा," म्हणाल्या.

सांगून बाहेर आलो तेव्हा पाच वाजून गेले होते. नोकरी गेली होती, आणि पुढे पोलीस येतील तेही मला कळत होतं. वाड्याकडची चारची बस केव्हाच निघून गेली होती. तरी दादा त्याच बाकावर बसले होते. बस चुकली होती की थांबले होते, ते मी विचारलं नाही. त्यांनीही मान वर केली नाही. बाकावरची पिशवी मात्र उचलून मांडीवर घेतली.

मी तिथे बसलो.